औषधांच्या दुकानातील तिकीटविक्रेता

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका घरातील टेबलावर पोस्टाच्या तिकिटांचा जुना अल्बम उघडलेला आहे. समोरच्या पानावर १६ एप्रिल १९५३ रोजी निघालेले दोन आण्यांचे तिकीट असून, त्यावर १८५३ आणि १९५३ या दोन सालांची रेल्वे इंजिने दिसतात. बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावलेल्या पहिल्या आगगाडीच्या शताब्दीचे हे तिकीट ठाणेकरांना जवळचे वाटावे यात नवल नाही. अल्बमचे मालक असलेल्या काकांनी मात्र त्याखाली आगगाडीविषयी काहीच लिहिलेले नाही. तिथे पेन्सिलीने ‘एसजी’ ही दोन अक्षरे आणि एक क्रमांक एवढाच मजकूर आहे. ही अक्षरे एडवर्ड स्टॅनली गिबन्स या इंग्रज तिकीटविक्रेत्याच्या नावाची आहेत.

गिबन्स यांचा जन्म ३० जून १८४० रोजी इंग्लंडमधील प्लिमथ या बंदराच्या गावी झाला. जगातील पहिले टपाल तिकीट, म्हणजे ‘पेनी ब्लॅक’, त्याच वर्षीच्या मे महिन्यात विक्रीस आले होते. त्यामुळे हा मुलगा आणि टपाल तिकीट ही दोन्ही जवळजवळ बरोबरीनेच मोठी झाली, असे म्हणता येईल. वडिलांचे औषधांचे दुकान होते. मुलाचा तिकिटांचा नाद पाहून त्यांनी त्याला रागे भरण्याऐवजी १८५६ च्या सुमारास दुकानातच एक कोपरा दिला, आणि त्या मेजावरून हा व्यवसाय सुरू झाला.

गिबन्स यांच्या आयुष्यातील सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग १८६३ मधला आहे. दोन खलाशी त्यांच्या दुकानात आले. केपटाऊनमध्ये सोडतीत जिंकलेले एक पोते त्यांच्यापाशी होते आणि ते केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांनी भरलेले होते. गिबन्स यांनी ते पाच पौंडांना विकत घेतले. आज या त्रिकोणी तिकिटांचे मोल जाणणाऱ्या कोणाचाही श्वास हा किस्सा ऐकून क्षणभर थांबेल.

तरीही आमच्या मते गिबन्स यांचे खरे मोठेपण त्या पोत्यात नाही. ते नोव्हेंबर १८६५ मध्ये त्यांनी छापलेल्या किमतींच्या यादीत आहे. तिकिटांचा व्यवहार टपालाने होत असे, घेणारा आणि देणारा एकमेकांना पाहत नसत, आणि दिसायला सारख्या दोन तिकिटांत रंगाची छटा, कागद, जलचिन्ह किंवा कडेची दाती वेगळी असली तर किमतीत मोठे अंतर पडे. नेमके कोणते तिकीट हवे आहे, हे दूरच्या माणसाला नि:संदिग्धपणे कळवण्याची सोय अशा यादीमुळे झाली आणि पुढे तिच्यातूनच प्रत्येक तिकिटाला स्वतंत्र क्रमांक देणारा, जगभर वापरला जाणारा कॅटलॉग वाढत गेला.

आपल्याकडील ‘सिंध डाक’ या तिकिटाचे उदाहरण पाहिले म्हणजे हे चटकन ध्यानात येते. सिंध त्या काळी मुंबई इलाख्यातच होता. तिथले आयुक्त बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांनी १८५२ मध्ये अर्ध्या आण्याचे गोल, उठावाचे तिकीट सुरू केले. त्याचा ठसा एकच, पण रूपे तीन: पांढऱ्या कागदावरचे पांढरे, निळे, आणि लाल लाखेचे. पांढरे तिकीट मंद उजेडात नीट दिसत नसे, तर लाखेचे हाताळताना तडकून त्याचे तुकडे पडत. साहजिकच लाल तिकिटे फारच थोडी टिकली. ‘सिंध डाक’ एवढेच म्हटल्याने संग्राहकाचे समाधान होत नाही ते यामुळेच. तीन रूपांना तीन वेगळे क्रमांक लागतात.

१८७४ मध्ये गिबन्स लंडनला आले. व्यवसाय भराभर वाढला, आणि १८९० मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी तो चार्ल्स फिलिप्स यांना २५,००० पौंडांना विकला. उरलेले आयुष्य त्यांनी बऱ्याच अंशी प्रवासात घालवले. त्यांचे पाच विवाह झाले. १७ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी राजे पंचम जॉर्ज यांनी, जे स्वतः निष्ठावान तिकीटसंग्राहक होते, गिबन्स यांच्या पेढीला राजघराण्याच्या अधिकृत पुरवठादाराचा मान दिला. तो पाहायला संस्थापक उरले नव्हते, याची हळहळ वाटते.

नौपाड्यातील काका आता अल्बमचे पहिले पान उघडतात. सिंध डाकसाठी त्यावर तीन गोल आखलेले आहेत, आणि तिन्ही रिकामे आहेत. प्रत्येकाखाली पेन्सिलीने त्याचा क्रमांक मात्र लिहिलेला आहे.