थंडरची बावीस सालची पोरं

[दृश्य: सॉल्ट लेक सिटी, युटा. समर लीगचा, म्हणजे हंगामाआधी नव्या खेळाडूंना आजमावणाऱ्या उन्हाळी स्पर्धेचा सामना. उंच, हडकुळा खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा शॉट अडवतो.]

5 जुलै 2022. हा चेट होल्मग्रेन. वय वीस, उंची सात फूट एक इंच, वजन जेमतेम 88 किलो. बारा दिवसांपूर्वी ओक्लाहोमा सिटी थंडर या संघानं त्याला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. आज तो संघाची जर्सी घालून पहिल्यांदाच मैदानात उतरलाय. सामना संपतो तेव्हा त्याच्या नावावर 23 गुण असतात, 7 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि 6 ब्लॉक (अडवलेले शॉट). अमेरिकेतल्या बास्केटबॉलवेड्यांची त्या रात्री खात्री पटते, की पुढचा महान खेळाडू हाच.

दुसऱ्या दिवशी सामना मेम्फिसशी. समोर केनेथ लॉफ्टन ज्युनियर. उंचीला होल्मग्रेनपेक्षा अर्धा फूट कमी, अंगानं आडवा, वजन सव्वाशे किलोच्या आसपास, आणि ड्राफ्टमध्ये कुठल्याच संघानं न घेतलेला. लॉफ्टन खांदा लावतो, होल्मग्रेनला रेटत रेटत बास्केटखाली नेतो आणि चेंडू आत टाकतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. होल्मग्रेनचे स्वतःचे शॉट 11, आत गेले 3. ही दृश्यं लाखो लोकांनी पाहिली, आणि आदल्या दिवशीचा महान खेळाडू चोवीस तासांत कागदी ठरला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. नव्या खेळाडूंच्या बाबतीत या म्हणीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. त्या दोन दिवसांत दिसलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तो अडवू शकत होता, आणि त्याला रेटता येत होतं. पण यातलं काय टिकणार आणि काय बदलणार, हे समजायला तीन वर्षं लागली. ही गोष्ट त्या तीन वर्षांची आहे, आणि ड्राफ्टच्या त्याच रात्री थंडरनं निवडलेल्या आणखी तिघांची.

[दृश्य: रिकाम्या खुर्च्या, धावफलक.]

आधी संघाची अवस्था बघू. 2 डिसेंबर 2021 रोजी मेम्फिसनं थंडरला 152–79 असं हरवलं. 73 गुणांचा फरक. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा पराभव कुणाचा झालेला नाही. आदल्या हंगामात थंडरनं 72 पैकी 22 सामने जिंकले होते, या हंगामात 82 पैकी 24.

अमेरिकेत असं हरण्याची भरपाई ड्राफ्टमध्ये होते. दर वर्षी जूनमध्ये कॉलेजमधली आणि परदेशांतली तरुण पोरं संघ आळीपाळीनं निवडतात, आणि तळाच्या संघांना सोडतीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. निवड दोन फेऱ्यांत होते. 2015 साली पंजाबचा सतनाम सिंग 52 व्या क्रमांकावर डॅलसकडे गेला, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू म्हणून. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. निवड होणं आणि खेळायला मिळणं यांत किती अंतर असतं, हे आपल्याला त्याच्याकडे बघून तरी कळायला हवं.

23 जून 2022. ब्रुकलिन. त्या रात्री थंडरच्या वाट्याला चौघं आले. दुसऱ्या क्रमांकावर होल्मग्रेन. अकराव्यावर उस्मान जेंग, न्यूझीलंडच्या संघाकडून ऑस्ट्रेलियन लीगमध्ये खेळलेला एकोणीस वर्षांचा फ्रेंच मुलगा. त्याच्यासाठी थंडरनं न्यूयॉर्कला पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन टाकल्या. बाराव्यावर जेलन विल्यम्स. आणि दुसऱ्या फेरीत, 34 व्या क्रमांकावर, जेलिन विल्यम्स. नावं इतकी सारखी की संघात एकाला जे-डब म्हणतात आणि दुसऱ्याला जे-विल.

सकाळ होईपर्यंत प्रत्येक संघाच्या निवडीला वर्तमानपत्रांनी आणि चॅनेलांनी श्रेणी देऊन टाकली होती. अजून कुणी एकही सामना खेळलेलं नव्हतं.

[दृश्य: सिएटल, ऑगस्ट 2022.]

मग ऑगस्ट आला. सिएटलमध्ये एक हौशी-व्यावसायिक सामना होता. लेब्रॉन जेम्स चेंडू घेऊन धावत आला, होल्मग्रेन त्याला अडवायला गेला आणि उजव्या पायाच्या मधल्या भागातला अस्थिबंध दुखावला. काही दिवसांत थंडरनं जाहीर केलं की तो पूर्ण हंगाम खेळणार नाही. अंगात ताकद नाही, असं जे म्हणत होते, त्यांना पुरावाच मिळाल्यासारखं झालं. खरं म्हणजे पायाची ही दुखापत कुणालाही होऊ शकते, त्याला वजनाशी देणंघेणं असेलच असं नाही. पण ठरलेलं मत आपला पुरावा कसाही शोधतं.

इथं मला थंडरचं कौतुक वाटतं. जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी आणि प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट यांनी घाई केली नाही. होल्मग्रेन त्या वर्षी एकही सामना खेळला नाही. पुढच्या वर्षी, 2023-24 मध्ये, तो सगळे 82 सामने खेळला. सरासरी साडेसोळा गुण, आठाच्या जवळपास रिबाउंड, दर सामन्याला दोनाहून जास्त ब्लॉक. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो दुसरा आला. पहिला व्हिक्टर वेम्बन्यामा होता, त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला नवोदित, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आकडे बाजूला ठेवा. त्याचा बचाव बघा.

[दृश्य: बास्केटखालचा बचाव, संथ गतीत.]

समोरचा खेळाडू शॉटची हूल देतो. बहुतेक नवे सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, इथंच उडी मारतात आणि फाउल करून बसतात. हा पाय जमिनीला रोवून थांबतो. चेंडू खरोखर सुटतो तेव्हाच वर जातो, तोही दोन्ही हात सरळ उभे ठेवून, छाती मागं ओढून. धक्का बसतो, तो हलतो, पण हात खाली येत नाहीत. ताकद कमी असलेल्या माणसानं ताकदवान माणसाला कसं अडवावं, याचं हे उत्तर होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या अंगकाठीला धरून शोधलेलं होतं. संघानंही त्याच्यावर पंचवीस किलो चढवण्याचा हट्ट केला नाही. 2024 च्या जुलैत त्यांनी आयझाया हार्टेनस्टाइन हा भक्कम सेंटर करारबद्ध केला. रेटारेटी हार्टेनस्टाइननं करायची आणि होल्मग्रेननं मागून येऊन शॉट अडवायचा.

म्हणून मला वाटतं, नव्या खेळाडूकडे बघताना विचारायचा प्रश्न एकच. तो ज्या गोष्टीत कमी पडला, तिच्याबाबत पुढच्या वेळी त्यानं काय वेगळं केलं? गुणांची सरासरी यात फसवते. पडक्या संघात कुणाला तरी शॉट मारावेच लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी वीस गुण काढणारा पोरगा तिसऱ्या वर्षी बाकावर दिसतो. लांबून शॉट किती चांगला होईल हे ताडायचं असेल, तर थोड्या सामन्यांतल्या तीन गुणांच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, बघणं बरं. तिथं समोर कुणी नसतं, दिसतो तो निव्वळ हात.

[दृश्य: सँटा क्लारा विद्यापीठ, कॅलिफोर्निया.]

हाच प्रश्न जेलन विल्यम्सला लावून बघा. ॲरिझोनातला मुलगा, शाळेत असताना मोठ्या कॉलेजांनी फारसा न विचारलेला. उंची उशिरा वाढली, त्यामुळे ठेंगण्या गार्डसारखं, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूसारखं, चेंडू हाताळायची सवय आधीच लागलेली. तीन वर्षं सँटा क्लारात काढली. त्या कॉलेजमधून पहिल्या फेरीत याआधी निवडला गेलेला खेळाडू म्हणजे स्टीव्ह नॅश, तोही 1996 साली. ड्राफ्टआधी शिकागोत होणाऱ्या शिबिरात विल्यम्सची मोजमापं घेतली तेव्हा हातांचा पसारा सात फूट दोन इंच भरला. साडेसहा फुटांच्या आत उंची असलेल्या मुलाला सात फुटी माणसाचे हात. पहिल्या फेरीची आशा असलेले पुष्कळ खेळाडू तिथले सराव सामने टाळतात; हा खेळला. तिथून त्याचं नाव वर चढत गेलं.

बारावी निवड थंडरकडे आली कशी, हेही सांगायला हवं. 2019 मध्ये आपला आघाडीचा खेळाडू पॉल जॉर्ज याला क्लिपर्स संघाकडे पाठवताना थंडरनं शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण गार्ड घेतला आणि सोबत पुढच्या वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी. त्यातली एक पिकली ती जेलन विल्यम्सच्या रूपानं.

त्याच्या सरासऱ्या सांगतो: 14.1, मग 19.1, मग 21.6. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो 2024 चा नोव्हेंबर. होल्मग्रेनच्या कंबरेचं हाड मोडलेलं, हार्टेनस्टाइनचा हात जायबंदी, संघात धड उंच माणूस उरलेला नाही. तेव्हा हा गार्ड थेट सेंटर म्हणून उभा राहिला. सामना सुरू करणारा जंप बॉल, म्हणजे वर फेकलेल्या चेंडूसाठीची उडीसुद्धा त्यानंच घेतली. पहिल्या वर्षी दुसऱ्यांच्या पासवर जगणारा पोरगा तिसऱ्या वर्षी पाचही जागा सांभाळत होता. असं काही ड्राफ्टच्या रात्रीच्या श्रेणीत कसं मावणार?

जे-विलची गोष्ट छोटी आहे. उंच उडत नाही, वेगानं पळत नाही. पण समोरून धावत येणाऱ्याच्या वाटेत वेळेवर उभं राहायचं, छातीवर धडक घ्यायची आणि चेंडू आपल्या संघाला मिळवून द्यायचा, यात त्याचा हात धरणारे कमी. त्याच्या जोडीला सेंटरच्या जागेवरून पास देण्याची नजर. दुसऱ्या फेरीतून एवढं मिळालं तर कुठलाही संघ खूश होतो.

आणि जेंग? तीन निवडी देऊन घेतलेला, उंच, हात मऊ, पाय हलके. 2024 मध्ये थंडरच्या दुय्यम संघानं जी लीगचं, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगचं विजेतेपद मिळवलं तेव्हा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. मुख्य संघात मात्र त्याला जागा मिळेना, कारण त्याच्या पुढचे सगळे त्याच्याहून झपाट्यानं सुधारत होते. पडत्या संघात असता तर कदाचित आज त्याच्याबद्दल वेगळं बोललं गेलं असतं. एखाद्याला नापास म्हणताना तो कुठल्या वर्गात बसला होता, हे मी आता आवर्जून बघतो.

थंडरचा हात लागला की सोनं होतं, असं समजू नका. 2020 मध्ये त्यांच्याकडे आलेली 17 वी निवड होती अलेक्सेय पोकुशेव्स्की. सात फुटी, हडकुळा, लांबून शॉट मारणारा, चेंडू हाताळणारा. हेच शब्द दोन वर्षांनी होल्मग्रेनसाठी लिहिले गेले. पोकुशेव्स्कीला थंडरनं फेब्रुवारी 2024 मध्ये सोडलं. दोघांचं वर्णन सारखं होतं, खेळ सारखा नव्हता. एकाची कला चमकून जायची. दुसरा दर वेळी, न चुकता, बचावात योग्य जागी उभा असायचा. हा फरक टिपायला एखादी चित्रफीत पुरत नाही, वीस-पंचवीस पूर्ण सामने बघावे लागतात.

[दृश्य: पेकॉम सेंटर, ओक्लाहोमा सिटी. प्रेक्षकांचा जल्लोष.]

2024-25 मध्ये थंडरनं 68 सामने जिंकले, 14 हरले. अंतिम फेरीत समोर इंडियाना पेसर्स, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत, वरळीच्या डोममध्ये येऊन खेळून गेलेला संघ. मालिका 2–2 अशी बरोबरीत असताना पाचव्या सामन्यात जेलन विल्यम्सनं 40 गुण काढले. ज्या हातानं तो शॉट मारतो, त्या उजव्या मनगटातला अस्थिबंध फाटलेला होता हे नंतर बाहेर आलं. शस्त्रक्रिया विजेतेपदानंतर झाली.

सातवा सामना 22 जूनच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे 23 जूनच्या पहाटे. पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात टाचेच्या वरची शीर तुटून कोसळला, आणि हे विसरून त्या विजयाबद्दल बोलणं योग्य नाही. थंडर 103–91 असे जिंकले. होल्मग्रेन: 18 गुण, 5 ब्लॉक. गिल्जस-अलेक्झांडर मालिकेचा मानकरी ठरला.

त्या जुलैत संघानं आपला निकाल दिला, करारांच्या भाषेत. होल्मग्रेनला पाच वर्षांचा नियमात बसेल तेवढा मोठा करार, जेलन विल्यम्सला तसाच. जेलिन विल्यम्सला तीन वर्षांचा. तिथं त्या निकालाला अर्थ होता, कारण तीन हंगाम डोळ्यांसमोर होते.

[दृश्य: 25 जून 2025 चा ड्राफ्ट.]

पण त्याआधीच, विजेतेपदाला तीन दिवस होत असताना, नवा ड्राफ्ट झाला होता. थंडरनं 15 व्या क्रमांकावर जॉर्जटाउन कॉलेजचा थॉमस सोर्बर हा सेंटर निवडला, वय एकोणीस. सप्टेंबरमध्ये सराव करताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि 2025-26 चा अख्खा हंगाम हातचा गेला. आदल्या वर्षीची निवड, सर्बियाचा निकोला टोपिच, तोही पहिलं वर्ष गुडघ्यापायी बाहेर बसला, आणि मग त्याला कर्करोगावर उपचार घ्यावे लागले.

सोर्बर कॉलेजात जेमतेम एक हंगाम खेळलाय, तोही पायाच्या दुखापतीनं अर्ध्यावर तुटलेला. तो मैदानात येईल तेव्हा सुरुवातीचे काही महिने मी त्याचे गुण मोजणार नाही. बचावात तो कुठे उभा राहतो, आणि नोव्हेंबरातली चूक जानेवारीत पुन्हा करतो का, ते बघणार आहे.