सांता बार्बरा बेटावरचे कुरव आणि डीडीटी

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सांता बार्बरा नावाचे छोटे बेट आहे. येथे वसाहतीने घरटी करणारा पश्चिमी कुरव हा समुद्रपक्षी सहसा तीन अंडी घालतो. १९७०च्या दशकात जॉर्ज आणि मॉली हंट या संशोधकांना मात्र येथे चार ते सहा अंडी असलेली घरटी आढळली, आणि तपासणीअंती अशा अनेक घरट्यांतील जोडीदार दोन्ही माद्याच असल्याचे दिसले. १९७७ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. वसाहतीत वीण करणारे नर कमी पडत होते.

लॉस एंजेलिस परिसरातील डीडीटी या कीटकनाशकाच्या कारखान्याचे सांडपाणी अनेक वर्षे शहराच्या गटारांतून याच समुद्रात जात होते. डीडीटी चरबीत साठते. त्यामुळे ते माशांतून पक्ष्यात आणि मादीच्या शरीरातून अंड्याच्या बलकात उतरते, म्हणजे गर्भाची इंद्रिये घडत असतानाच त्याच्यापर्यंत पोहोचते.

हा काळ फार नाजूक असतो. पक्ष्यांच्या गर्भात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव नसेल तर वृषणे तयार होतात आणि तो असेल तर डाव्या बाजूला अंडाशय वाढते. बाजारातील डीडीटी हे अनेक घटकांचे मिश्रण असते व त्यातील एक घटक पेशींतील इस्ट्रोजेनचा संदेश घेणाऱ्या ग्राहींना चिकटून, क्षीणपणे का होईना, त्याच संप्रेरकासारखा वागतो. पेशींना खरा संदेश आणि रसायनाचा संदेश यांत भेद करता येत नाही.

मायकेल फ्राय आणि टून यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रदूषित समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांत १९७०च्या सुमारास आढळलेल्या प्रमाणाइतके डीडीटी कुरवांच्या अंड्यांत टोचले असता नर गर्भांत अंडाशयाच्या ऊती आणि अंडनलिका वाढू लागल्या. असे नर पुढे वीण करू शकत नसावेत आणि बेटावरील नरांची उणीव त्यातून आली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अनुमानाचा आहे, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते. गर्भातील बदल मात्र प्रत्यक्ष पाहिलेले आहेत. केवळ मेलेले पक्षी मोजणाऱ्या पाहणीत ही हानी कधीच दिसली नसती, कारण यात पक्षी मरत नाही, त्याचा वंश खुंटतो.

अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. तरीही लॉस एंजेलिस परिसरातील पालोस व्हर्डेसजवळच्या समुद्रतळाच्या गाळात ते आणि त्याच्या विघटनातून बनलेले डीडीई आजही शिल्लक आहे.