शिलोमधली सकाळ

प्रिय श्रोतेहो, प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आपणां सर्वांना सप्रेम सलाम.

ज्या माणसाच्या तोंडून आपण देवाचे वचन प्रथम ऐकले, ज्याने आपल्या दुखण्यात उशाशी बसून प्रार्थना केली, त्याच्याविषयी एके दिवशी असे काही उघडकीस येते की ऐकणाऱ्याची मान खाली जावी. कुठे मंडळीच्या पैशांची अफरातफर निघते, कुठे एखाद्या असहाय व्यक्तीवर केलेला अन्याय, तर कुठे वर्षानुवर्षे झाकून ठेवलेले दुटप्पी जीवन. अशा वेळी विश्वासणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. या माणसाकडून मला जे मिळाले, तेही खोटेच होते का, हा पहिला. दुसरा प्रश्न आपण सहसा मोठ्याने विचारत नाही, पण तो आत खोलवर घर करून बसतो: यांच्यासारखी माणसे जर अशी वागतात, तर मी एकट्याने का म्हणून जपून राहायचे? मला वाटते की नुकसान या दुसऱ्या प्रश्नानेच अधिक होते, कारण पुढाऱ्याच्या पापाचे आपण नकळत आपल्या सवलतीत रूपांतर करून टाकतो.

या दोन्ही प्रश्नांसाठी मी आज आपणांस शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, इस्राएल लोकांचे उपासनास्थान असलेल्या शिलो येथे घेऊन जाणार आहे. एली हा तिथला वृद्ध याजक. हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगे याजकपणाचे काम पाहत. शांत्यर्पणाच्या, म्हणजे देवाशी सख्य म्हणून वाहिलेल्या, पशूमधून याजकाचा वाटा कोणता, हे नियमशास्त्रात ठरवून दिलेले होते: ऊर आणि उजवी मांडी. चरबी परमेश्वराची, आणि तिचा वेदीवर होम व्हायचा. प्रत्यक्षात मात्र, अर्पण करणाऱ्याचे मांस शिजत असतानाच याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, तो हंड्यात खुपसून वर काढी, आणि काट्याला जे लागेल ते सारे याजकाचे होई. पुढे पुढे तर त्यांना शिजलेलेही चालेना. चरबी जळण्याआधीच कच्चे मांस हवे झाले. दुसऱ्या अध्यायातले हे वर्णन वाचताना एका माणसाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्याचे नावही तिथे नाही. तो हंड्याजवळ उभा राहून चाकराला म्हणतो, आधी चरबी जळू दे, मग तुला हवे तेवढे घे. उत्तरादाखल त्याला धमकी मिळते: आत्ता दे, नाहीतर मी बळजबरीने घेईन.

श्रोतेहो, हा माणूस स्वतःच्या ताटातल्या घासासाठी भांडत नाही. आपल्या वाट्याचे हवे तेवढे न्या, असे तो म्हणतोच आहे. त्याचा आग्रह फक्त देवाच्या वाट्यापुरता आहे. याजकाला जे नियमशास्त्र पाठ असायला हवे होते, ते या साध्या माणसाला ठाऊक होते. आणि याजक ते पायदळी तुडवत असतानाही, ते आपल्यापुरते रद्द झाले असे त्याने मानले नाही. व्यवहारातल्या पवित्रतेचे याहून नेमके चित्र मला दुसरीकडे क्वचितच दिसले आहे.

एलीच्या कानांवर हे सारे गेले होते. त्याने मुलांना बोलावून समजावले, रागावलादेखील. पण देवाने त्याच्यावर ठेवलेला दोष ध्यानात घेण्यासारखा आहे: मुले काय करीत आहेत हे ठाऊक असून त्याने त्यांना आवरले नाही. उपदेश झाला, कारवाई झाली नाही. शिवाय त्या उत्तम मांसावर तुम्ही सर्व जण पुष्ट झाला आहात, असे त्याला स्पष्ट सांगण्यात आले. पुढे चौथ्या अध्यायात तो पडून मरण पावतो, तेव्हा तो वृद्ध व जड झाला होता, असे वाक्य येते. पवित्र शास्त्र या दोन वाक्यांचा संबंध जोडून दाखवत नाही, पण मला तो नजरेआड करता येत नाही.

आणि याच ठिकाणी, याच लोकांमध्ये, शमुवेल नावाचा मुलगा वाढत होता. त्याची आई हन्ना एकदा त्या मंदिरात ओठ हलवत मुकाट्याने प्रार्थना करीत असताना एलीने तिला मद्यपी समजून दटावले होते, हे आपणांस आठवत असेल. तरीही तिने आपला मुलगा तिथे आणला, आणि तो एलीला दिला असे न म्हणता परमेश्वराला दिला असे म्हटले. याचा अर्थ आपल्या लेकरांना डोळे झाकून कुणाच्याही हवाली करावे, असा मुळीच होत नाही. हन्नाचे डोळे झाकलेले नव्हतेच. ती दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे, आणि वर्षभर वाढलेल्या मुलाला बसेल असा झगा शिवायचा, तर मागल्या खेपेस आईने त्याला नीट न्याहाळलेले असलेच पाहिजे.

त्या रात्री मंदिरातला दिवा अजून विझला नव्हता. मुलाने हाक ऐकली, एलीनेच बोलावले असे समजून तो तीनदा धावत गेला, आणि तिसऱ्या खेपेस एलीच्या ध्यानात आले की हाक मारणारा परमेश्वर आहे. तेव्हा त्याने मुलाला सांगितले, पुन्हा हाक आली तर म्हण, ‘हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे.’ पिढ्यान्‌पिढ्या विश्वासणाऱ्यांनी ज्या शब्दांनी प्रार्थना केली, ते शब्द शमुवेलाला शिकवणारा मनुष्य आपल्या कर्तव्यात सपशेल नापास झालेला होता. आणि त्या शब्दांना उत्तर म्हणून देवाकडून जो पहिला संदेश आला, तो त्याच माणसाच्या घराण्याच्या न्यायाचा होता.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो. माझ्या पवित्र शास्त्राच्या समासात पेन्सिलीने लिहिलेल्या कितीतरी टिपा आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच एका अशा सेवकाच्या शिकवणीतून घेतलेल्या आहेत, ज्यांचे नाव पुढे मोठ्या दुःखाने घ्यावे लागले. ते प्रकरण उघड झाले त्या आठवड्यात मी रबर घेऊन बसलो होतो. चार-पाच पाने खोडून झाल्यावर माझ्या लक्षात आले की पुसण्यासारखे त्या टिपांत काही नाही. ज्या वाक्याखाली मी रेघ ओढली होती ते वाक्य त्यांचे नव्हतेच. मग मी थांबलो. त्या पानांवर पेन्सिलीचा करडा डाग अजून आहे.

मंडळीने हा प्रश्न फार पूर्वी, फार मोठी किंमत देऊन हाताळला आहे. सन ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या हुकुमाने छळ सुरू झाला, तेव्हा पवित्र शास्त्राच्या प्रती जाळण्यासाठी मागितल्या गेल्या, आणि उत्तर आफ्रिकेतल्या काही अध्यक्षांनी (बिशपांनी) व याजकांनी जिवाच्या भीतीने त्या देऊन टाकल्या. छळ संपल्यावर वाद पेटला: अशा माणसांच्या हातून झालेला बाप्तिस्मा, अशांनी सेवकांना दिलेली दीक्षा खरी मानायची का? डोनाटस या पुढाऱ्याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या डोनाटसपंथीयांचे म्हणणे होते की नाही. आणि त्यातून झालेली फूट शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. सन ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांची मोठी सभा भरली. हिप्पोचा अध्यक्ष ऑगस्टिन याने मांडलेला विचार असा होता की बाप्तिस्मा प्रेषित पेत्राने दिला काय किंवा येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला काय, खरा बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच असतो. हे मला पटते. मात्र याच ऑगस्टिनाने पुढे त्या विरोधकांना मंडळीत परत आणण्यासाठी राजसत्तेच्या बळजबरीचे समर्थन केले, हेही सांगून टाकले पाहिजे. पुढाऱ्यांच्या उणिवेविषयी इतके नेमके बोलणाऱ्याकडेही स्वतःची उणीव होती.

आता एक सावधगिरी, कारण ‘देवावर भरवसा ठेवा’ हे शब्द मी फार वाईट कामासाठी वापरलेले ऐकले आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गप्प बसवण्यासाठी ते वापरले जातात, आणि जोडीला दावीदाचे उदाहरण दिले जाते की परमेश्वराच्या अभिषिक्तावर, म्हणजे देवाने नेमलेल्या राजावर, हात टाकू नये. आपल्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत हाती सापडला असताना दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, जीव घेतला नाही, हे अगदी खरे. परंतु याच पुस्तकाचा चोविसावा अध्याय पुढे वाचा. शौल गुहेतून बाहेर पडल्यावर दावीद त्याच्या पाठोपाठ बाहेर आला, मोठ्याने हाक मारून त्याने झग्याचा कापलेला काठ दाखवला, आणि सगळ्यांदेखत म्हणाला की परमेश्वर तुझ्यामाझ्यामध्ये न्याय करो. त्याने सूड घेतला नाही, पण तो मुकाही राहिला नाही, आणि शौलाच्या घरी परतही गेला नाही. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो की मंडळीच्या वडीलजनांवरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून ऐकू नये, आणि लगेच पुढे लिहितो की जे पाप करीत राहतात त्यांचा दोष सर्वांसमक्ष दाखवावा. यातले पहिले वाक्य पुष्कळांना पाठ असते. देवावर भरवसा ठेवणारा माणूस खरे बोलायला मोकळा असतो, कारण संस्थेची अब्रू सांभाळण्याचे ओझे त्याच्या खांद्यावर उरत नाही. गुन्हा घडला असेल तर तो कायद्याच्या यंत्रणेपुढे नेणे हेही खरे बोलण्यातच मोडते.

ते ओझे देवाने कुणावर टाकलेलेच नाही, हे मला शमुवेलाच्या पुस्तकातल्याच आणखी एका प्रसंगावरून उमगले. शेजारच्या शत्रूंशी, पलिष्ट्यांशी, लढाई हरल्यावर इस्राएलाच्या वडीलजनांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पवित्र पेटी, छावणीत आणवला, म्हणजे तो आपल्याला वाचवील. हफनी आणि फिनहास कोशाबरोबर होते. लढाई पुन्हा हरली, दोघे मारले गेले, एली गेला, आणि कोश शत्रूच्या हाती पडला. नेतृत्व म्हणून काही शिल्लकच राहिले नाही. कोश सात महिने पलिष्ट्यांच्या मुलखात राहिला, आणि त्या काळात त्याच्या सुटकेसाठी इस्राएलातून कुणी गेल्याचे लिहिलेले नाही. पलिष्ट्यांचा देव दागोन, त्याची मूर्ती आपसूक तोंडघशी पडली. शेवटी पलिष्ट्यांनीच नवी गाडी केली, कधी जू न ठेवलेल्या दोन दुभत्या गाई तिला जुंपल्या, त्यांची वासरे घरी कोंडली आणि गाडी सोडून दिली. गाई वासरांसाठी हंबरत होत्या, तरी डावीउजवीकडे न वळता त्या नीट इस्राएलातल्या बेथ-शेमेशच्या वाटेने गेल्या. गाडी हाकायला कोणी नव्हते. आपले पुढारी पडले म्हणजे देवाचे काम पडले, अशी धास्ती मला वाटते तेव्हा मी त्या गाईंचे हंबरणे आठवतो.

मग आपल्या वाट्याला काय उरते? नियमशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे’ ही आज्ञा आहे, आणि तिच्यापाठोपाठ जी यादी येते ती वाचून नवख्या माणसाला नवल वाटावे. कापणी करताना शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत तुमच्याकडे राहू नये. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. तराजू खरा, वजने खरी, मापे खरी. बहिऱ्याला ऐकू येत नाही, आंधळ्याला दिसत नाही. म्हणजे जिथे पकडले जाण्याची भीती नाही, नेमक्या तिथल्या वागण्याविषयी देव इथे बोलतो आहे. आणि यांतल्या एकाही आज्ञेला ‘तुमचा याजक नीट वागत असेल तर’ अशी अट जोडलेली नाही. शिलोमध्ये काहीही चालले असो, मजुराचे पैसे संध्याकाळी देणे होतेच.

शमुवेलाचे मुलगेही पुढे बैर-शेबा येथे लाच घेऊ लागले, हे पवित्र शास्त्र लपवत नाही, आणि ते वाचून मला दर वेळी वाईट वाटते. एलीच्या घरची शोकांतिका ज्याने लहानपणी स्वतःच्या कानांनी ऐकली, त्याच्याही घरी ती शिरली. पण म्हातारपणी तो सर्व लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने विचारले, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव घेतले? कोणाला फसवले? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? सांगा, म्हणजे मी ते परत करीन. आपल्या सेवेचे माप म्हणून त्याने दर्शने मोजली नाहीत, बैल आणि गाढव मोजले. लोक म्हणाले, तू आमच्याकडून काहीही घेतलेले नाहीस.

त्याची सुरुवात कुठे झाली, ते तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात आहे. ते भयंकर भाकीत ऐकल्यावर मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला. आपण ज्याला बापासारखे मानतो त्याला हे कसे सांगायचे, याची त्याला भीती वाटत होती, आणि एलीने खोदून विचारल्यावर त्याने काहीही न लपवता सगळे सांगितलेही; पण ते नंतर. उजाडल्यावर आधी तो उठला, आणि त्याने परमेश्वराच्या मंदिराची दारे उघडली.