केटी चालू आहे

[ऐरोली स्टेशन, सकाळची गर्दी, जिना, रिक्षाची लाइन]

ठाण्याहून सुटलेली पनवेल लोकल नवी मुंबईतल्या ऐरोलीला आली की डबा बराचसा रिकामा होतो, आणि जिना उतरेपर्यंत बहुतेकांच्या गळ्यात आयकार्ड आलेलं असतं. 2004 ला ही ट्रान्स हार्बर लाइन सुरू झाली तेव्हा हा पट्टा म्हणजे एमआयडीसी, केमिकलचे कारखाने, ठाणे-बेलापूर रोडने जायचं तर नाकाला रुमाल लावून. आता तिथेच ऐरोलीपासून महापेपर्यंत काचेच्या इमारती आणि आत अमेरिकेतल्या, युरोपातल्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं.

[गेटबाहेरची टपरी, उकळता चहा, हात, ग्लास]

इथे पाच मिनिटं उभं राहा, सगळं कळतं. कोण नोकरी सोडतंय, कोणाची केटी चालू आहे, केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जाणाऱ्याने येणाऱ्याला काम समजावून द्यायचं. आणि काम अडलं की शिव्या सोडून जाणाऱ्या पोरांनाच. पेपर टाकलास का, राजीनामा? लास्ट वर्किंग डे कधी? अरे रिलीजच देत नाहीये मॅनेजर. तो? तो बेंचवर आहे अजून, प्रोजेक्टच नाही.

कंपन्या दर तिमाहीला अ‍ॅट्रिशनचा, म्हणजे किती जण नोकरी सोडून गेले त्याचा, आकडा देतात. कोविडनंतर पळवापळवी चालू होती तेव्हा, जून 2022 च्या तिमाहीत, इन्फोसिसचा आकडा 28.4 टक्के होता, म्हणजे वर्षभराच्या हिशोबाने शंभरातले अठ्ठावीस जण आपणहून गेले. पण एक मेख आहे. ज्याला त्याच कंपनीत एका प्रोजेक्टवरून उचलून दुसऱ्यावर टाकलं, तो ह्या आकड्यात येतच नाही. टीमसाठी मात्र तो गेलाच ना, दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणतो, अरे मी आता दुसऱ्या अकाउंटला, दुसऱ्या क्लायंटच्या कामावर आहे.

[घणसोली, घर. डायनिंग टेबल, लॅपटॉप, शेजारी डायरी]

ऑफिसात कॅमेरा नेऊ देत नाहीत, म्हणून ह्या ताईंच्या घरी आलो. नाव घेणार नाही. परदेशातल्या एका इन्शुरन्स कंपनीच्या प्रोजेक्टवर लीड आहेत. स्क्रीनवर दिसतेय ती केटीची शीट. टॉपिक, कोणी दिलं, कोणी घेतलं, तारीख, आणि शेवटी सगळे रकाने हिरवे.

आता नोटिस पीरियड नव्वद दिवसांचा, म्हणजे वेळ भरपूर असायला हवा. होतं काय, की पहिला महिना जाणाऱ्याला थांबवण्यात जातो, काउंटर ऑफर, ऑनसाइटचं, म्हणजे परदेशी पाठवायचं, गाजर. मग बदली माणसाची मागणी टाकायची, प्रोफाइल येणार, क्लायंट इंटरव्ह्यू घेणार, त्यात दोघं रिजेक्ट, तिसरा सिलेक्ट झाला की त्याचं बॅकग्राउंड चेक, मग क्लायंटच्या सिस्टिमचा अ‍ॅक्सेस, तो अडकला की तिकीट टाका. हे होईपर्यंत जुन्याचे आठ दिवस उरतात. आणि नवीन माणूस लवकर का आणत नाहीत? कारण तो शेजारी बसून शिकत असतो तेव्हा, शॅडो म्हणतात त्याला, बहुतेक वेळा क्लायंट त्याचे पैसे देत नाही. जुना बिलिंगमध्ये आहे, म्हणजे क्लायंट त्याचे पैसे देतोय, तोपर्यंत नव्याचा पगार खिशातून कोण घालणार! म्हणून सोडून जाणाऱ्या पोरांना शिव्या घालणं आम्हाला तरी पटत नाही.

[डायरीचं पान, क्लोज-अप]

हे पान नीट बघा. ताईंचंच अक्षर आहे. "31 ला रविवार आला तर फाइल आधी रिनेम, मग जॉब हाताने रन." जॉब म्हणजे इथे रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम. हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. जुन्या मुलाला माहीत होतं, तो दर वेळी गुपचूप करून टाकायचा, विचारलं कोणी नाही म्हणून सांगितलं नाही. केटीच्या शीटमध्ये तो टॉपिक हिरवाच होता, रिव्हर्स केटीसुद्धा झाली होती, नव्याने सगळं परत बोलून दाखवलं, पण त्या महिन्यात 31 ला रविवार नव्हता.

पुढे आला. जॉब रात्री पडला, सकाळी क्लायंटला रिपोर्ट गेले नाहीत, एस्कलेशन झालं, म्हणजे तक्रार वरपर्यंत गेली, आणि कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलला टीममधल्या दोन जागा कमी केल्या.

[संध्याकाळ, स्टेशनकडे जाणारे लोक]

जागा कमी होण्याची भीती आता सगळीकडेच आहे. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं.

[परत घर, ताई कॉलवर]

शॅडोच्या पहिल्या महिन्याचे पैसे कोणी द्यायचे हे कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच लिहून घेता येतं. ताईंच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ती ओळ नाही. त्यांनी दोनदा मेल केला, उत्तर आलं की पुढच्या रिन्यूअलला बघू. दरम्यान नव्या मुलानेही पेपर टाकलाय, त्याच्या जागेची मागणी गेलीय, प्रोफाइल अजून आलेले नाहीत.