दुकानातली जोडी, घरातली टाकी

नमस्कार श्रोतेहो.

माशांच्या दुकानात भाव सांगतात तो जोडीचा. मग आपणही हौसेने प्रत्येक जातीची एकेक जोडी उचलतो. टाकी रंगीत दिसावी म्हणून. माझ्या पहिल्या दोन फुटी टाकीत मीही तेच केलं. गोल्डफिशची जोडी, एंजलची जोडी, निऑन टेट्राच्या दोन जोड्या आणि काच साफ ठेवायला एक काळा सकर. काही महिन्यांत निऑन एकेक करून नाहीसे झाले. मेलेला मासा कधी दिसला नाही. मी रोग समजून पाण्यात औषध घालत राहिले. आणले तेव्हा रुपयाएवढे असलेले एंजल तोवर तळहाताएवढे झाले होते, आणि रात्री दिवा मालवल्यावर तेच निऑन गिळत होते. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो कधी ना कधी पोटात जातोच. यात एंजलचा काही दोष नाही.

दुकानात दिसतात ती बहुतेक पिल्लं असतात. गोल्डफिश वीतभर वाढतो, त्याला थंड पाणी मानवतं आणि तो घाणही भरपूर करतो. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणं मला बघवत नाही. सकर फूट-दीड फुटाचा होतो. मग लोक त्याला नदीत सोडून देतात. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येऊ लागले ते अशातूनच. त्याच्या खरखरीत कवचाने जाळी फाटतात. टाकीतला कुठलाही मासा नदी-तलावात सोडू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. दुकानदार किंवा मोठी टाकी असलेला ओळखीचा माणूस आनंदाने घेतो.

मासे निवडायच्या आधी एकदा आपल्या नळाकडे बघा. बोअरवेलचं पाणी असेल, बादलीवर आणि नळाच्या तोटीवर पांढरे डाग पडत असतील, तर पाणी जड आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना असं पाणी आवडतं. मुंबईसारखं धरणाचं हलकं पाणी असेल तर टेट्रा, रासबोरा छान राहतात. पाण्याचा गुण बदलण्याचा खटाटोप करण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा आणणं केव्हाही सोपं.

चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद, बारा इंच उंच टाकीत कागदावर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरतं. एवढ्यात एक थवा मधल्या पाण्यात, एक थवा तळाशी, बस. थव्याने राहणारा मासा जोडीने ठेवला की तो भेदरतो, कोपऱ्यात लपतो, नाहीतर चिडतो. टायगर बार्ब दोन-तीनच असले की इतरांचे पर कुरतडतात. म्हणून एकाच जातीचे निदान सहा घ्या.

नवख्यांना मी झेब्रा डॅनिओ सुचवते. हा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, दीड-दोन इंचांचा मासा. पुण्या-नाशिकच्या थंडीत घरातल्या टाकीत हिटरशिवायही तगतो. उडी मात्र मारतो, तेव्हा झाकण हवंच. गप्पी घ्यायचे तर नुसते नर घ्या. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे विहिरी-हौदांत सोडतात तोच हा मासा. त्याची मादी महिन्याभरात पिल्लं देते आणि एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते. लहान टाकी बघता बघता भरून जाते.

फायटर माशाबद्दल मला नेहमी विचारतात. दोन नर एकत्र नकोत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लांब शेपटीचा रंगीत गप्पीही त्याला प्रतिस्पर्धीच वाटतो, आणि तो गप्पीची शेपटी फाडतो. फायटर छोट्या टाकीत एकटाच सुखी असतो. पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेता येत असला, तरी म्हणून त्याला बाटलीत ठेवू नका.

टाकी भरली त्याच दिवशी मासे आणू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, काम लवकर होतं.

माझे एंजल आता एका मित्राच्या चार फुटी टाकीत आहेत. माझ्या टाकीत आठ झेब्रा आणि तळाशी वाळू हुंगत फिरणारे सहा कोरी नावाचे छोटे कॅटफिश, असे चौदाच मासे आहेत. सकाळी खिडकीतून ऊन आलं की आठही झेब्रा एका वळणावर एकदम वळतात, आणि ते बघताना माझा चहा रोज गार होतो.