पिन फक्त पैसे देताना

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळची मंडई, गर्दीची वेळ. मेथीची जुडी पिशवीत पडली, गिऱ्हाइकानं मोबाईल पुढे करून हिरवी खूण दाखवली आणि ते निघालंसुद्धा. मावशी, पैसे आले का? ती खूण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर होती. हुबेहूब तसंच दाखवणारी बनावट ॲप फिरतायत, जुने स्क्रीनशॉटही खपवले जातात. आपला साउंडबॉक्स बोलू द्या, नाहीतर आपल्याच फोनवर जमा झालेली रक्कम बघा, मगच माल सोडा. प्रामाणिक गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, त्याला राग येत नाही.

2016 साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं यूपीआय आणलं. पैसे देणारा खरा कोण, हे त्यात दोन गोष्टींवरून ठरतं. एक तुमचा फोन. ॲप सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो, तो बँकेत नोंदवलेल्या नंबराशी जुळला तरच खातं जोडलं जातं. दुसरा तुमचा चार किंवा सहा आकडी पिन. तो फोनमध्येच सांकेतिक रूपात बदलून पुढे जातो. दुकानदाराला तो कधीच कळत नाही.

हा पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी नाही. जुना सोफा विकायला काढलात आणि समोरचा म्हणाला, "मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल," तर तिथंच फोन ठेवा. पिन टाकलात की तुमचेच पैसे जाणार. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीकडे ॲपवरून पैसे मागण्याची सोय ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, ते फार बरं झालं. पण क्यूआरचा डाव अजून चालतो.

दुकानदारांनो, सकाळी शटर उघडलं की आपल्या क्यूआरवर कुणी दुसरं स्टिकर चिकटवलं नाही ना, ते नखानं खरवडून बघा. आणि गिऱ्हाइकांनो, पिन टाकण्याआधी येणारं नाव वाचा. वेगळंच वाटलं तर दुकानदाराला विचारा.

तरीही फसगत झालीच, तर लाजून घरी बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा, बँकेलाही कळवा. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी कळलं, तर ते तिथंच गोठवता येतात.