मिरजेच्या रजिस्टरातली माणसं

[दृश्य: मिरज. दवाखान्यासमोर थांबलेल्या गाड्या, खिडकीशी नातेवाईक.]

सांगली जिल्ह्यातले जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिवाय सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं अथणी. मोठं दुखणं आलं की मिरज गाठायची, ही इकडची वहिवाट. 1894 साली डॉ. वानलेस यांनी इथं दवाखाना सुरू केला, तेव्हापासूनची. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या बेडसाठीही लोक इकडंच धावले.

त्यातले काही परतले नाहीत. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, राहत्या गावी नाही. म्हणून गावच्या ग्रामसेवकाच्या रजिस्टरात त्यांची ओळच नाही. गावाचा आकडा कमी दिसतो, मिरजेचा फुगतो. एकटं कुठलंही रजिस्टर बघून बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

[दृश्य: रजिस्टरची पानं उलटणारा हात.]

महामारीत किती माणसं गेली, हे मोजायचं तर आजाराचं नाव आधी बाजूला ठेवावं लागतं. टेस्टच न होता घरीच दगावलेली आजी, डायलिसिस चुकलेला माणूस, सगळे धरायचे. आधीच्या वर्षांवरून किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचं आणि प्रत्यक्षातून वजा करायचं. उरतात ते अतिरिक्त मृत्यू. आधीचं एकच वर्ष धरून मात्र भागत नाही. सांगलीत 2019 हे महापुराचं वर्ष होतं, नेहमीसारखं नव्हे.

देशभरात 2019 मध्ये 76.4 लाख मृत्यूंची नोंद झाली, 2020 मध्ये 81.2 लाख. 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. एका वर्षात जवळपास 21 लाखांची वाढ. आणि त्या वर्षी कोविडचे म्हणून जाहीर झालेले मृत्यू सुमारे 3 लाख 30 हजार. नोंदणी सुधारली, हेही वाढीचं एक कारण आहे. पण एवढी मोठी तफावत त्यानं भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 आणि 2021 या दोन वर्षांसाठी भारतात 47 लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. भारत सरकारनं तो फेटाळला.

[दृश्य: मृत्यू नोंदणीचा कोरा फॉर्म, एका रकान्यावर कॅमेरा.]

अंदाजांवर वाद होत राहतील. पण या फॉर्मवर एक रकाना आहे: मृताचा कायमचा पत्ता. मिरजेतल्या नोंदी या पत्त्यावरून गावनिहाय, महिनानिहाय लावल्या, तर जतच्या एकेका वाडीत त्या उन्हाळ्यात किती माणसं गेली, हे सांगता येईल. नावं उघड न करता हे काम करता येतं. ते जिल्ह्यानं हाती घ्यावं.